वन्संच्या पायांवरची दुलई

आमच्या घरात कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली आहे. भरण त्यांचं, टाके माझे. म्हणजे दुलईच्या पोटात काय जाणार, कापूस की लोकर की पॉलिएस्टर, हे माझा नवरा ठरवतो. आणि पोटात गेलेलं ते जागच्या जागी कसं राहणार, हे मी ठरवते. ऐकायला दोन वेगळी खाती वाटतात, पण तशी ती नाहीत. सुती भरण कापडाला धरून बसतं, त्याला लांब लांब कच्चे टाके पुरतात. पॉलिएस्टर घसरतं, त्याला जवळ जवळ टाचावं लागतं. एक भरण तर असं येतं की त्याच्या अंगावर गोंदाचे बारीक कण असतात. इस्त्री फिरवली की अस्तर, भरण आणि वरचं कापड एकमेकांना चिकटतात आणि टाचायची गरजच उरत नाही. भरण बघून टाचण ठरवायचं, टाचण बघून भरण. त्यामुळे आम्ही दोघं दिवसभर बोलत असतो. भांडत असतो म्हटलं तरी माझी हरकत नाही.

अशा धंद्यात नवरा-बायकोने अबोला धरू नये. पण आम्ही धरला, आणि चांगला धरला.

झालं असं की दातांच्या डॉक्टरीणबाई त्यांची दुलई न्यायला आल्या होत्या. आमच्या दुकानाच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक आणि भरणाचे गठ्ठे, मधल्या खोलीत मोठं टेबल, तिथे मी. मध्ये दार आहे, पण ते कधी लावत नाही. बाईंनी सहज विचारलं, "इतका वेळ का लागतो हो तुम्हाला?" तर आमचे हे म्हणतात कसे, "वेळ जातो तो भरण निवडण्यात. टाचण काय, कोणीही घालतं."

कोणीही घालतं! मी तेव्हा टेबलावर ओणवी होऊन त्यांच्याच गिऱ्हाइकाची दुलई टाचत होते. कच्चे टाके म्हणजे काय ते टाचणाऱ्यालाच माहीत. पक्की शिलाई होईपर्यंत सगळा भार त्यांच्यावर, आणि शिलाई झाली की ओढून काढून केरात. गिऱ्हाइकाला ते कधी दिसतही नाहीत. मला त्याचं वाईट वाटत नाही, काम तसंच आहे. पण ज्याने ते रोज बघितलं त्याने परक्यासमोर असं बोलावं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टरीणबाई उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत मी गप्प राहिले. मग सुई उशीत खुपसली आणि म्हटलं, "कोणीही घालतं ना? मग आता कोणाकडूनही घालून घ्या."

त्यांनी "अगं, म्हणजे तसं नाही" म्हटलं असतं तर मी संध्याकाळपर्यंत विरघळले असते. ते म्हणाले, "घेतो."

झालं, बोलणं बंद. घरात तिसरं माणूस नाही, मग निरोप न्यायचे कुणी? आमची जुनी शिलाई मशीन मधोमध उभी असते, ती कामाला आली. मी मशीनकडे बघून म्हणायचे, "मशीनबाई, जेवण वाढलंय म्हणावं." तेही मशीनलाच सांगायचे, "मशीनबाई, आलो म्हणावं." मी अबोल्यात वाकणारी बाई नाही, आणि ते तर आपल्या ताईचे भाऊ. हट्ट त्या घराण्यात सगळ्यांना सारखा वाटून दिलेला आहे.

त्यातच ती ताई आली.

ताई म्हणजे माझी थोरली नणंद. मी त्यांना वन्सं म्हणते. वन्सं बस चालवतात. सगळी उमर मोठी बस चालवण्यात गेली, त्यामुळे त्यांचा आवाज मागच्या सीटपर्यंत पोचेल असा आहे, मग समोर माणूस हातभर अंतरावर का असेना. आई-वडील लवकर गेल्यावर धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं, अजून त्याला "धाकट्या" म्हणतात, आणि मला "सुईबाई". त्यांनी कुणापुढे हात टेकलेले मी पाहिले नव्हते. पण त्या दिवशी टॅक्सीतून उतरल्या त्या दाराच्या चौकटीला धरून, आणि पायांत भावाच्या मापाच्या सैल चपला.

पायांच्या नसांचा त्रास होता. दिवसा चालताना निभायचं. पण आडवं झालं की तळवे पेटायचे, आणि त्यावर पांघरुणाचा नुसता स्पर्श झाला तरी जीव कळवळायचा. पांघरूण काढलं तर पाय बर्फ व्हायचे आणि दुखणं दुप्पट. त्यामुळे त्या रात्रभर खुर्चीत बसून काढायच्या. डॉक्टर म्हणाले होते की औषधाने बरं होईल, पण हळूहळू. डेपोच्या डॉक्टरांनी मात्र साफ सांगितलं होतं, झोप नीट लागत नाही तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी, आणि तेव्हाही असंच असेल तर कायमचं टेबलावरचं काम.

"टेबलावर बसून मी काय करू गं?" वन्सं मला म्हणाल्या. "टेबल कुठे वळवता येतं का?"

हसत म्हणाल्या, पण त्यांचे डोळे हसले नाहीत. मी आतून हलले. सहा चाकांची बस गर्दीच्या चौकातून सुईसारखी काढणारी ही बाई एका पांघरुणापायी घरी बसणार होती. मी मनाशी ठरवलं, हिला झोपवेल अशी दुलई आपल्या घरातूनच निघाली पाहिजे. नाहीतर मग दुकानावर पाटी कशाला?

त्यांनी मागितलीही दुलईच. पण कशी मागितली ते ऐका. वन्संचं सगळं आयुष्य डेपोत गेलेलं. तिकिटांचं कंडक्टरला सांगायचं, इंजिनाचं मेकॅनिकला. ज्याचं काम त्याला. म्हणून पुढच्या खोलीत जाऊन त्यांनी भावाला सांगितलं, "धाकट्या, पायावर वजन अजिबात नको, ऊब मात्र हवी." आणि मधल्या खोलीत येऊन मला सांगितलं, "सुईबाई, मशीनची शिलाई नको. ती तारेसारखी टोचते. हाताने शीव, आणि टाके विरळ घाल." त्यांना वाटलं, ही दोघं बोलतीलच आपापसात. अबोल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्यासमोर आम्ही मशीनबाईलासुद्धा मध्ये घेत नव्हतो, नुसतं हसून इकडेतिकडे बघत होतो.

दोन दिवसांनी ह्यांनी तीन थर तयार करून माझ्या टेबलावर आणून ठेवले. वर फिकं निळं मलमल, खाली तसंच अस्तर, मध्ये पातळ काहीतरी. उचलून बघितलं तर खरंच हलकं होतं. पण टाचलेलं नव्हतं, चिकटवलेलं होतं. ह्यांनी गोंदाच्या कणांचं पॉलिएस्टर घातलं होतं आणि स्वतः इस्त्री फिरवून मोकळे झाले होते. का, ते मला लगेच कळलं. ज्याला टाचायला लागत नाही असं भरण निवडलं, म्हणजे बायकोकडे "टाचून दे" म्हणून तोंड उघडायला नको. मला असा राग आला त्यांचा! आणि राग आला म्हणूनच मी विचारलं नाही.

आता हे भरण वाईट नाही, सांगून ठेवते. बाळाच्या दुपट्याला, पिशवीला, मशीनवर झरझर शिवायच्या कुठल्याही गोष्टीला उत्तम. पण ते मशीनचं भरण आहे. हाताच्या सुईला ते उभं राहू देत नाही. पहिल्या टाक्यालाच सुई आत जाऊन अडली. गोंद सुईला धरतो, सुई चिकट होते, दोरा किरकिरत येतो. प्रत्येक टाका ओढून घ्यावा लागतो, आणि ओढला की तिथे खळगा पडतो आणि बाजूला उंचवटा येतो. विरळ टाके घालूनही दुलई अशी झाली की मध्ये ताठ आणि टाक्यापाशी गाठीगाठींची. दोन सुया मोडल्या. मोडलेल्या सुया मी मुद्दाम टेबलाच्या कडेला ठेवल्या, ह्यांना दिसाव्यात म्हणून. ह्यांना दिसल्या. ते मशीनबाईला म्हणाले, "हाताने कशाला शिवतात म्हणावं." मी मशीनबाईला म्हटलं, "ज्याचं काम त्याला कळतं म्हणावं."

एवढं बोलणं पुरे होतं खरं तर. त्याच जागी कुणाही शहाण्या माणसाने थांबून विचारलं असतं. पण शहाणपण त्या आठवड्यात आमच्या घरी मुक्कामाला नव्हतं.

दुलई झाली. मी स्वतः वन्संच्या खाटेवर अंथरली. त्यांची खाट रस्त्याकडच्या खिडकीपाशी, समोरच बसथांबा. दिवसभर त्या तिथे बसून ड्रायव्हरांना शिव्या घालायच्या. सकाळी एक ठरावीक बस यायची, तिचे ब्रेक असे किंचाळायचे की खिडकीची काच थरथरायची. "मेल्या, ब्रेक दाबतोस की कुणाचा गळा!" वन्सं खिडकीतून ओरडायच्या. रोज.

त्यांनी दुलईवरून हात फिरवला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्या म्हणाल्या, "छान झालीय."

एवढंच. वन्सं आणि नुसतं "छान"? ज्या बाईने माझ्या पहिल्या स्वयंपाकाला "मीठ घालायचं राहिलं की समुद्र आटला?" असं विचारलं, ती "छान" म्हणून थांबते? मी ते ऐकलं आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सकाळी विचारलं, "झोप लागली?" तर म्हणाल्या, "लागली की." दुसऱ्या दिवशीही तेच. मी समाधानाने मान डोलावली, आणि भिंतीपलीकडे हेही मान डोलावत असणार. दोघांनाही वाटत होतं, आपल्यामुळे जमलं.

तिसऱ्या दिवशी मला लवकर जाग आली. चहा टाकला आणि वाटलं, वन्संनाही नेऊन द्यावा. दार अर्धं उघडं होतं. मी आत पाऊल टाकलं आणि तिथेच उभी राहिले.

वन्सं उशीला टेकून बसल्या होत्या, जाग्या, खिडकीबाहेर बघत. दुलई त्यांच्या कमरेपर्यंत होती, पण पायांपाशी ती उंच उठली होती, टेबलावर चादर टाकावी तशी. दोऱ्याच्या रिळांचा मोठा पुठ्ठ्याचा खोका असतो आमच्याकडे. तो रिकामा करून, एक बाजू कापून त्यांनी पायांवर पालथा घातला होता. दुलई खोक्यावर आणि पाय खोक्यात. आमची दुलई पायांना लागू नये म्हणून. रिळं नीट रांगेत खिडकीच्या कट्ट्यावर लावून ठेवली होती, एकही खाली पडू दिलं नव्हतं.

मला बघून त्या दचकल्या. आणि मग, देवा, त्या माझीच समजूत घालायला लागल्या. "अगं, फार बरी आहे दुलई. उगीच आपलं गंमत म्हणून. तुम्ही दोघांनी एवढी मेहनत केलीत."

"वन्सं, झोप लागते का?"

त्या खोक्यावरची दुलई नीट करत राहिल्या. त्यांचा तो एवढा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

मी चहा कट्ट्यावर ठेवला. डोळे भरून आले होते, आणि त्याचबरोबर राग, नवऱ्याचा, माझा, त्या पुठ्ठ्याच्या खोक्याचासुद्धा. मी दारात गेले आणि मशीनबाईला न विचारता सरळ हाक मारली.

"अहो! इकडे या आधी!"

हे दाढीचा साबण तोंडाला तसाच लावून आले. त्यांनी खोका पाहिला. मग त्यांनी बहिणीकडे पाहिलं, आणि तिच्या पायांशी खाली बसले.

"वन्संनी तुम्हाला काय सांगितलं होतं?" मी विचारलं.

"वजन नको म्हणाली. म्हणून सगळ्यात हलकं घातलं. तुला काय सांगितलं होतं?"

"मशीनची शिलाई नको."

"म्हणजे ती हाताने शिवायची होती?"

"मग काय पायाने?"

"अगं, पण गोंदाच्या भरणात हाताची सुई..." ते बोलता बोलता थांबले. साबण त्यांच्या गालावर वाळत चालला होता. "मला वाटलं तू माझ्यावरच्या रागाने हाताने शिवतेयस."

"आणि मला वाटलं तुम्ही माझ्यावरच्या रागाने गोंद घातलात."

"तो रागानेच घातला होता."

वन्सं इतका वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होत्या. आता त्यांना उलगडा झाला. "थांबा, थांबा. म्हणजे तुम्ही दोघं बोलत नव्हतात? मी इथे आल्यापासून?" आणि मग तो आवाज परत आला, मागच्या सीटपर्यंत पोचणारा. "अरे गाढवांनो! मी इथे खोक्यात पाय घालून बसलेय, आणि तुम्ही रुसवे-फुगवे खेळताय? धाकट्या, तोंड धू. सुईबाई, तू डोळे पूस. आणि दोघं माझ्यासमोर बसून ठरवा. माझ्यासमोर! इंजिन आणि गिअर एकमेकांशी बोलत नाहीत, आणि म्हणे गाडी चालवतो."

इतका आनंद मला शिव्या खाऊन कधी झाला नव्हता.

मग आम्ही वन्संच्या खाटेभोवती दुकान मांडलं. ह्यांनी प्रत्येक भरणाचा हातरुमालाएवढा तुकडा कापून आणला आणि मी तो मलमलच्या दोन तुकड्यांत घालून कडेने टाचला. वन्सं डोळे मिटून पाय पुढे करायच्या आणि आम्ही नमुना हळूच पायावर ठेवायचो. सुती भरण ठेवलं तर म्हणाल्या, "ही मालगाडी. उतरवा." फुगीर पॉलिएस्टर ठेवलं तर जरा थांबल्या. "हलकं आहे. पण घाम येतो, आणि सरकतंय बघ. ओल्या रस्त्यावर ब्रेक लावल्यासारखं." मग ह्यांनी गठ्ठ्यांच्या तळातून लोकरीचं भरण काढलं. विरळ टाके घातले तरी गोळा होणार नाही असं, एकसंध, बोट दाबलं की पुन्हा वर येणारं. वन्संच्या पायावर ते ठेवलं. आम्ही वाट बघत होतो.

"ठेवलं का?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. भरण ठरलं होतं.

"आता हे धरायचं कसं?" हे म्हणाले. आणि मुद्दाम माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "तू सांग."

अबोला धरण्यात जेवढी मजा नव्हती तेवढी या "तू सांग"मध्ये होती. मी पदर खोचला. "इस्त्री या भरणाच्या जवळसुद्धा आणायची नाही, ते दबून जाईल. गोंदाचा फवारा मारला तर तो लोकरीच्या वरच्या केसांनाच धरतो, आत काही पकड नाही, आणि खोलीभर वास सुटेल तो वेगळा. सेफ्टी पिना लावल्या तर मी हाताने शिवताना प्रत्येक पिन दुलई धरायच्या लाकडी फ्रेममध्ये अडकणार, आणि या मलमलला भोकं पडणार. म्हणजे कच्चे टाके. पण सुती भरणासारखे लांब लांब नाही. लोकर उसळी मारते, सारखी हलत राहते. तळहाताएवढ्या अंतरावर ओळी घालायच्या, मधून सुरू करून कडेकडे जायचं. आणि ताणायचं अजिबात नाही. लोकर ताणून टाचली की टाके काढल्यावर ती आपल्या मापावर परत येते आणि अस्तराला चुण्या पडतात. आज नुसती पसरून ठेवू. उद्या टाचू."

"उद्या टाचू," ते म्हणाले. "दोघं."

"तुम्ही? टाचणार?"

"कोणीही घालतं ना," वन्सं खाटेवरून म्हणाल्या. ती गोष्ट एव्हाना मी त्यांना सांगितलीच होती. मी का लपवू?

दुसऱ्या दिवशी टेबलावर जुनी चादर अंथरली, पातळ अस्तर टेबलाच्या कंगोऱ्यांना अडकू नये म्हणून. तिच्यावर अस्तर, त्यावर लोकर, वर निळं मलमल. हात सपाट ठेवून सगळं सारखं केलं. मी मधून माझ्या बाजूला निघाले, हे त्यांच्या बाजूला. वन्सं खुर्ची ओढून दारात बसल्या, इन्स्पेक्टरसारख्या. माझ्या ओळी नेहमीसारख्या सरळ पडत होत्या. ह्यांच्याकडे मी बघत नव्हते, पण ऐकू येत होतं. दोरा गुंतला, "च्च". सुई बोटात गेली, "आई गं". गाठ सुटली, "अरे देवा". मोठा माणूस, पण सुईपुढे घाम फुटला होता. तरी सोडलं नाही त्यांनी. शेवटची ओळ झाल्यावर दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाले, "झालं की! बघा!"

मी माझी बाजू उचलली. आली. त्यांनी त्यांची बाजू उचलली, तर दुलईबरोबर खालची चादरही वर आली. त्यांनी सगळ्या ओळी चादरीसकट घातल्या होत्या. एकही टाका अस्तरापाशी थांबलेला नव्हता.

वन्सं इतक्या हसल्या की त्यांना पाय दुखायचं भान राहिलं नाही. मीही हसले, पोट धरून. हे चादर हातात धरून उभे. आधी ओशाळले, मग तेही हसायला लागले. आणि मग हसता हसताच, अगदी साधेपणाने, माझ्याकडे बघून म्हणाले, "कोणीही नाही घालू शकत."

परक्यासमोर बोलले होते ते, आणि ही कबुली घरात दिली. पण वन्सं साक्षीला होत्या, आणि वन्संच्या तोंडून ती डॉक्टरीणबाईंपर्यंत पोचेल याची मला खात्री होती. मी मानलं. त्यांची बाजू उसवून आम्ही पुन्हा घातली. या वेळी मी त्यांचा डावा हात धरून अस्तराखाली ठेवला. "सुईचं टोक या बोटाला नुसतं लागलं पाहिजे. लागलं की वर यायचं. चादरीला भेटायला जायचं नाही." त्यांना ते जमलं, हळूहळू. त्यांच्या ओळी वाकड्या गेल्या, पण धरून राहिल्या, आणि कच्च्या टाक्याकडून तेवढंच हवं असतं.

शिलाई मी हाताने केली. मऊ जाड दोरा, लांब सैल टाके, आणि पायांकडच्या भागात तर अगदी विरळ, भरणाला धरून ठेवण्यापुरते. लोकरीतून सुई नुसती सरकत होती. कुठे किरकिर नाही, कुठे ओढाओढ नाही. रोज संध्याकाळी हे दुकान बंद करून शेजारी येऊन बसायचे आणि विचारायचे, "दोरा पुरेल का? कड कशी करू या?" मी उत्तर द्यायचे. एखाद-दोन उत्तरं मुद्दाम लांबवलीसुद्धा. इतके दिवस तुंबलेलं बोलणं होतं, ते कुठेतरी सोडायला हवंच होतं.

कच्चे टाके त्यांनीच काढले. एकेक ओळ कात्रीने मधे तोडून, दोरा हळूच ओढून. लोकर फुलून वर आली. अस्तर उलटं करून पाहिलं तर एकही चुणी नव्हती. मी म्हटलं नव्हतं?

त्या संध्याकाळी दुलई वन्संच्या खाटेवर टाकली. या वेळी मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले नाही, छातीच होईना. दार ओढून घेताना मी एवढंच पाहिलं की तो खोका अजून खाटेखाली ठेवलेला होता, हात लावला की सापडेल असा.

सकाळी चहा झाला तरी वन्संच्या खोलीतून आवाज नाही. एरवी त्या आधी उठून खिडकीशी असायच्या. हे चुळबुळायला लागले. मला म्हणाले, "बघतेस का?" मी म्हटलं, "तुम्ही बघा, तुमची ताई." शेवटी दोघंही गेलो, चोरासारखे. मी दार बोटभर उघडलं आणि आम्ही एकावर एक मान काढून आत डोकावलो.

खोका खाटेखाली तसाच होता, आडवा. निळी दुलई वन्संच्या अंगावर होती, खांद्यापासून पायांपर्यंत, आणि पायांपाशी ती कुठेही उचललेली नव्हती. दोन पावलांचा आकार नीट कळत होता. वन्संचं तोंड थोडं उघडं होतं. त्या श्वास घेत होत्या, लांब, सावकाश.

आणि त्याच वेळी समोरच्या थांब्यावर ती बस आली. तिचे ते ब्रेक किंचाळले. खिडकीची काच थरथरली, कट्ट्यावरचं एक रीळ घरंगळत खाली पडलं. मी डोळे गच्च मिटून घेतले आणि वन्संच्या शिवीची वाट बघितली.

शिवी आली नाही. बस निघून गेली. वन्संनी फक्त कूस बदलली, दुलई पायांसकट स्वतःभोवती ओढून घेतली आणि घोरायला लागल्या.

ह्यांनी माझा हात घट्ट धरला. त्यांचे डोळे वाहत होते. त्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, बहुतेक माझ्याबद्दलच काहीतरी चांगलं, जे ऐकायला मी एवढे दिवस मशीनबाईसमोर ताटकळत बसले होते. मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"आता एक अक्षर बोलाल तर बघा," मी कुजबुजले.